सायटिक नर्व्ह: दुखणं पायात, दोष कमरेत?

प्रश्न: सायटिकात पोटरी दुखते, पाऊल बधिर होतं, तरी एमआरआय कमरेचा का काढतात? ही सायटिक नस नक्की करते काय?

प्रतिसाद १: मणक्यातून निघणारे कमरेचे एल४, एल५ आणि त्याखालचे एस१ ते एस३ हे मज्जातंतू (एल, एस ही मणक्याच्या भागांची अक्षरं) एकत्र येऊन ही नस बनते. शरीरातली सर्वांत जाड, सुरुवातीला जवळपास २ सेंमी रुंद. बहुधा पिरिफॉर्मिस या नितंबातल्या खोल स्नायूखालून नितंबात उतरते आणि गुडघ्याच्या जरा वर दुभंगते. मांडीमागचे स्नायू आणि गुडघ्याखालचे सगळे स्नायू हिच्याच हुकमतीत. मणक्यांमधली चकती सरकून या मज्जातंतूंच्या मुळाशी दाब आला की मेंदूला कळ पायातूनच आल्यासारखी वाटते; म्हणून एमआरआय कमरेचा.

प्रतिसाद २: कुठलं मूळ दबलंय याचा अंदाज एमआरआयआधीही येतो. पायाचा अंगठा वर उचलायला जड जातो, टाचांवर चालता येत नाही: एल५. चवड्यावर उभं राहता येत नाही, पावलाची करंगळीकडची कड बधिर: एस१. उताणं झोपवून पाय सरळ उचलल्यावर ३० ते ७० अंशांत गुडघ्याखालपर्यंत कळ गेली, तर मुळावर दाब असण्याची शक्यता बरीच. नुसती मांडी मागून ताणली गेली तर ती खूण नव्हे. इथेच बहुतेकांची गफलत होते.

प्रतिसाद ३: ही नस नितंबातून जाते, म्हणूनच तिथे इंजेक्शन वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशात देतात. आणि हो, लघवी अडली किंवा जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.