ब्रिटनचा हिवाळी इंधन भत्ता: सरसकट द्यावा की केवळ गरजूंना?

प्रश्न
ज्येष्ठांच्या घरांना हिवाळ्यात २०० किंवा ३०० पौंड देणारा हा भत्ता १९९७ पासून चालू आहे. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी इंग्लंड आणि वेल्समध्ये तो मुख्यतः 'पेन्शन क्रेडिट' (कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना मिळणारे पूरक सरकारी साहाय्य) घेणाऱ्यांपुरता ठेवला आणि वर्ष उलटायच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली. सधन निवृत्तांना सरकारी तिजोरीतून पैसे देऊ नयेत, हे मला आजही पटते. मग हा निर्णय इतका अंगाशी का आला?

प्रतिसाद १
तत्त्व योग्य होते, चाळणी चुकीची होती. २०२४-२५ मध्ये एकट्या व्यक्तीसाठी पेन्शन क्रेडिटची उत्पन्नमर्यादा आठवड्याला २१८.१५ पौंड होती, तर नवे पूर्ण सरकारी निवृत्तिवेतन २२१.२० पौंड होते. म्हणजे ज्या वृद्धेकडे त्या निवृत्तिवेतनाखेरीज दुसरे काहीच नाही, तीही सर्वसाधारणपणे जेमतेम तीन पौंडांनी अपात्र ठरत होती. शिवाय पेन्शन क्रेडिटसाठी अर्ज करावा लागतो आणि पात्र असूनही तो न करणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. ज्यांच्यासाठी ही योजना, तेच तिच्याबाहेर राहिले.

प्रतिसाद २
मान्य, पण भत्त्यावरच सगळी चर्चा खर्ची पडते, याचे मला वाईट वाटते. इंधनदारिद्र्य, म्हणजे घर पुरेसे उबदार ठेवणे न परवडणे, हे उत्पन्न, ऊर्जेचे दर आणि घराची अवस्था या तिन्हींतून येते. जुन्या, एकसंध विटांच्या भिंतींच्या घरात दिलेली ऊब तासाभरात निघून जाते. तेथे दरवर्षी पैसे देण्यापेक्षा भिंती आणि छपराला उष्णतारोधक अस्तर लावण्यावर खर्च व्हायला हवा.

प्रतिसाद ३
अस्तर लावून होईपर्यंतचे हिवाळे कसे काढायचे? प्रीपेड मीटरवरचे पैसे संपले की हीटर बंद पडतो, आणि घरात तान्हे मूल असले तरी त्या कुटुंबाला या भत्त्यातला एक पौंडही मिळत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ पासून वापरात असलेल्या व्याख्येनुसार घराची ऊर्जाश्रेणी (ऊर्जा-कार्यक्षमतेची 'ए' ते 'जी' अशी प्रतवारी) 'सी' किंवा त्याहून चांगली असेल, तर रहिवासी कितीही गरीब असला तरी इंधनदरिद्री म्हणून मोजलाच जात नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ता
म्हणजे चाळणी अर्जावर आधारलेली नसावी, असे दिसते. जून २०२५ ची फेररचना त्या दृष्टीने बरी म्हणावी का? तीत भत्ता आधी सर्व ज्येष्ठांना मिळतो आणि वार्षिक ३५,००० पौंडांहून अधिक करपात्र उत्पन्न असणाऱ्यांकडून करामार्फत परत घेतला जातो.

प्रतिसाद १
ज्येष्ठांपुरती नक्कीच बरी. गरजू कुटुंबांना वीजबिलात मिळणारी १५० पौंडांची सवलतही आता बहुतांशी सरकारी नोंदींवरून आपोआप जमा होते. त्याच नोंदींच्या आधारे लहान मुलांच्या घरांनाही हिवाळी भत्ता का देऊ नये, हे आता सरकारला विचारले पाहिजे.