पलंगावर पडलेल्या माणसाला हसवणारी कादंबरी सुचवा (बजेट २५०)

यंत्रमाग_पोरगा: नळाला पाणी आलं म्हणून पप्पा रात्री दोनला उठले आणि मोरीत घसरले. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय. दीड महिना पलंग. तीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस आता पंख्याची पाती मोजायलाय. भेटायला येणारे 'सकारात्मक विचार'वाली पुस्तकं आणायलेत, तीन झाली. मला विनोदी कादंबरी पाहिजे, वाट लागलेल्या माणसाची. एकच. अक्षर मोठं.

गड्डा_फॅन: पुलंचं सगळं घेऊन टाक बे. मी सेट घेतला, दोन हजार गेले, पण कपाट काय दिसतंय!

मोरीचा_अनुभव: आधी मोरीत रबरी मॅट टाका. आमच्या आईचंही असंच झालं.

टाकेवाला: विनोदी अजिबात देऊ नका! हर्नियाच्या ऑपरेशननंतर पोरानं 'असा मी असामी' हातात दिलं. हसलो की टाके ओढायचे. पोटावर उशी दाबून वाचलं, नर्स दोनदा धावत आली.

सातरस्ता: पाय मोडलाय हो त्यांचा, पोट नाही.

नवीपेठकर: 'कोसला', १९६३. पांडुरंग सांगवीकर पुण्यात बापाचे पैसे उडवतो, नापास होऊन गावी परततो. सगळं हसतखेळत सांगतो.

आक्का_अक्कलकोट: आजाऱ्याला कोसला? पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

नवीपेठकर: आधीची पानं हसवतातच की.

आक्का_अक्कलकोट: मग तेवढीच फाडून द्यायची का?

जुना_सभासद: 'काय वाट्टेल ते होईल' बघा. जॉर्जियाचा गडी अमेरिकेत उतरतो, भाषा येत नाही, पदोपदी फजिती. मराठीत पुलंनी आणलं. विकत घेण्याआधी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा. जाडजूड काही नको, उताणं पडून वाचताना हात भरून येतात. छातीवर उशी ठेवून तिच्यावर पुस्तक टेकवायचं.

नवीपेठकर: ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे.

गड्डा_फॅन: मी तेच म्हटलं होतं. पुलं.

माळशिरसकर: मिरासदारांना विसरलात? १९२७ चा जन्म, आमच्या अकलूजचा! कथा आहेत, पण गोळी घ्यायची वेळ होईस्तोवर एक संपते. आजाऱ्याला तेच बरं.

मोरीचा_अनुभव: मॅटचं कुणी मनावर घेतलं का?

यंत्रमाग_पोरगा: सगळ्यांचे आभार. पप्पांना यादी वाचून दाखवली. म्हणाले, "माझीच फजिती चालू आहे, दुसऱ्याची कशाला? खून बिन असलेलं आण." जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरनं ४० रुपयांत एक रहस्यकथा आणली. शेवटची आठ पानं गायब. कालपासून खुनी कोण यावरनं त्यांचं आणि मम्मीचं वाजायलंय, आवाज शेजारपर्यंत. उरलेल्या पैशात मॅट घेतली.

टाकेवाला: खुनी डॉक्टर असणार.