तुमच्या नेहमीच्या हॉटेलात इंटरनेट कसं शिरलं?

धागाकर्ती:
नव्या जागांच्या शिफारशी इथं नकोत, त्यासाठी ढीगभर ॲप आहेत. नेहमीच्या हॉटेलाबद्दल लिहा, जिथं वेटर तुमच्यापुढे मेनूकार्ड ठेवतच नाही. तिथं रेटिंग, रील, क्यूआर कोड, घरपोच ऑर्डरी आल्या आणि काय झालं? ‘गेले ते दिवस’ म्हणून गळे काढू नका. काही सुधारलं असेल तर तेही येऊ द्या.
माझं सांगते. गर्दीच्या वेळी उडप्याकडे अनोळखी माणसासमोर बसून जेवायची मुंबईत सवयच असते. पूर्वी समोरचा पेपरचं आतलं पान मागायचा, मग ‘कुठं कामाला?’ सुरू. आता दोघंही फोनमध्ये. एकट्या बाईला हे फार सोयीचं आहे, कोणी काही म्हणो.

वांगं_नको:
सदाशिव पेठेत शिकायला होतो तेव्हा मेसच्या काकूंनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सकाळी भाजी जाहीर व्हायची. ‘आज वांगं’ असं आलं रे आलं की अर्धी मुलं ‘काकू, आज नाहीये’ कळवून मोकळी. काकूंनी काही दिवस सोसलं, मग भाजी सांगणंच बंद केलं. दहाच्या आत फक्त येणार की नाही एवढं लिहायचं. त्यामुळे कणीक मोजून भिजू लागली आणि दुसऱ्या दिवशीची फोडणीची पोळी जवळजवळ बंद झाली (मला आवडायची, असो). रविवारी गोडाला काय यावर मतदान असे. गुलाबजाम जिंकले तरी पानात श्रीखंडच यायचं, कारण चक्का आदल्या रात्रीच टांगलेला असायचा.

शिवाजीपार्ककर:
२०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरली. ती बातमी बाबांना शाळेच्या ग्रुपवरून, सोसायटीच्या ग्रुपवरून आणि प्रत्येक आत्याकडून वेगवेगळी आली. ते तिथले जुने गिऱ्हाईक. दिवसभर असे वावरले, जसा काही बोर्डाचा निकाल त्यांचाच लागलाय. संध्याकाळी म्हणाले, ‘थालीपीठ जास्त चांगलं असतं, हे लंडनला कोणी कळवलेलं दिसत नाही.’ आता शनिवार-रविवारी ते तिकडे फिरकत नाहीत. मंगळवारी दुपारी चारला जातात.

कट_वेगळा:
आमच्या कोल्हापुरात गल्लीतल्या मिसळवाल्याला एका पाहुण्यानं दोनच स्टार दिले. कारण काय, तर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस दिल्या! अहो, इथं मिसळीबरोबर स्लाइसच येतात की. आणि वर ‘फार तिखट’. मी मालकाला वाचून दाखवलं. त्यानं फोटो बघून माणूस ओळखला. ‘ह्यानं दोनदा कट मागून घेतला की, मग तिखट कसलं?’

गल्ल्यावरची:
पलीकडच्या बाजूनं लिहिते. डोंबिवलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. एका ॲपवरून ऑर्डरी घेऊ लागलो, तर कमिशन बिलाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. मग ॲपवर दर वेगळा, काउंटरवर वेगळा, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आम्ही लुबाडतोय. पावसात डिलिव्हरीवाला अडकला, पोळ्या गार पोचल्या, तरी एक स्टार मलाच. अळूचं फदफदं वाटेत डब्यातून गळायचं म्हणून ॲपवरच्या यादीतून काढलं. काउंटरवर अजून संपतं.
सगळ्यांत पंचाईत फोटोंची. पिठल्याचा फोटो कितीही काढा, खावंसं वाटत नाही. बटाट्याची पिवळी भाजी, वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं, ती मात्र धडाधड खपते. लोक बघून मागवतात, म्हणून आम्हीही तीच जास्त करू लागलो. आमच्या सासूबाईंना ते अजिबात पटलेलं नाही.
पण खरं सांगायचं तर काही गिऱ्हाइकं ॲप नसतं तर आलीच नसती. पुढच्या टॉवरमध्ये एक आजी-आजोबा राहतात, मुलगा बंगळुरूला. तो तिथून ऑर्डर टाकतो, पैसे तिथूनच भरतो. खाली सूचना कायम एकच: ‘पोळ्या मऊ द्या, आईला चावत नाही.’ ती ऑर्डर दिसली की पोळ्या मी स्वतः लाटते.

सुट्टे_द्या:
२०१६ नंतर आमच्या चहावाल्याकडे स्कॅनर आला आणि सुट्ट्यांऐवजी मिळणारी चॉकलेटं बंद झाली. एवढंच.

कोपऱ्यातलं_टेबल:
मुंबईत मेट्रो सिनेमाजवळचं कयानी हे इराणी हॉटेल १९०४ पासूनचं. हल्ली बाजूच्या टेबलांवर बन मस्क्याचे फोटो काढून होईपर्यंत चहा निवतो. त्यांचा चहा, त्यांची मर्जी. मात्र लॅपटॉप उघडून तासन्‌तास बसू देणारी कॉफीशॉपं ही नवी कल्पना आहे असं कोणी म्हणू नका. इराण्यानं हे एका कपावर चालवलं होतं, पेपरसकट.

नगरी:
राहतो जर्मनीत. २०२२ मध्ये गुगलनं भारतात दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू आणलं आणि मुंबई-पुण्याच्या पंगतीत चक्क आमचं नगर! आधी घर शोधायला हवं होतं. मी शाळेबाहेरचा भेळवाला शोधला. तिथं मोबाइलचं दुकान झालंय. मग घर शोधलं.

तर्री_जास्त:
नागपूर. आमच्या चौकातल्या पोहेवाल्याच्या ठेल्याला नकाशावर कोणीतरी ‘कायमचं बंद’ करून टाकलं होतं. मी तर्री पोहे खात उभा आणि फोन म्हणतोय बंद! त्याला दाखवलं तर म्हणे, ‘म्हणूनच नवीन लोक कमी येऊन राहिले का?’ आम्ही दोघातिघांनी दुरुस्ती पाठवली, ती मान्यही झाली. पण आता तिथं ‘२४ तास सुरू’ दिसतं. पोहे सकाळी साडेदहालाच संपतात, आणि रात्री अकराला लोक येऊन त्याच्या घराचं दार वाजवतात, कारण घर मागेच आहे. वेळ बदलायची सूचना पाठवून झाली, काही होत नाही. कोणाला हे जमत असेल तर सांगा, तो रोज माझ्यावर चिडतो.