मॅमोग्राफी मशीन पाठवायचं की फॉर्मेलिनच्या बादल्या?

प्रेषक: मंडळ सचिव

नमस्कार मंडळी,
इथे परदेशात एका क्लिनिकमधलं जुनं डिजिटल मॅमोग्राफी मशीन (स्तनाचा कर्करोग शोधणारं क्ष-किरण यंत्र) फुकट मिळतंय. मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाला ते पाठवावं, असं कार्यकारिणीचं म्हणणं. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेले पैसे कंटेनरला पुरतील. तिथे पोचल्यावर आणखी काय लागेल?

प्रेषक: बायोमेडिकलवाले काका

सचिवसाहेब, फुकटचं मशीन सगळ्यात महाग. भारतात क्ष-किरणाचं कुठलंही यंत्र एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवान्याशिवाय चालवता येत नाही, आणि वापरलेली उपकरणं आयात करायला परवानगी वेगळी. डिटेक्टर (प्रतिमा टिपणारा भाग) सेलेनियमचा असेल तर खोलीचं तापमान चोवीस तास सांभाळावं लागतं. मे महिन्यात वीज वाचवायला रात्री एसी बंद केला, तर तो कायमचा निकामी होऊ शकतो. कंपनीने त्या मॉडेलचे सुटे भाग बंद केले असतील तर विषयच संपला.

तपासणीला मशीनच लागतं असंही नाही. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायच्या. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

प्रेषक: पॅथॉलॉजिस्ट, परळ

काकांशी सहमत. पण माझं दुखणं तपासणीच्या पुढचं आहे. गाठ सापडते, ऑपरेशनही होतं, आणि कापून काढलेला नमुना बादलीत नासतो.

स्तनाच्या गाठीवर कोणतं औषध लागू पडेल, हे ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्यांवरून ठरतं. त्यासाठी नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा, आणि तिथे किमान ६, फार तर ७२ तास राहायला हवा. प्रत्यक्षात अख्खा स्तन न कापता बादलीत टाकतात. फॉर्मेलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं, म्हणजे मधली गाठ तोवर आतल्या आत कुजते. मग ईआर खोटाच निगेटिव्ह येतो आणि टॅमोक्सिफेनसारखी, ईआर पॉझिटिव्ह असेल तरच दिली जाणारी स्वस्त गोळी त्या बाईच्या वाट्याला येतच नाही. पुढे ती ब्लॉक (मेणात बसवलेला नमुन्याचा तुकडा) घेऊन मोठ्या रुग्णालयात जाते, ब्लॉक निकामी निघतो, पुन्हा बायोप्सी करायची, आणि तोवर घरचे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत.

करायचं ते असं. सर्जनने वरच्या कडेला आखूड आणि बाहेरच्या कडेला लांब टाका घालायचा. आतल्या, छातीला चिकटलेल्या बाजूला शाई लावायची आणि त्याच बाजूने दर सेंटिमीटरला काप द्यायचे. कातडी अखंड ठेवायची, म्हणजे दिशा हरवत नाही. कापांमध्ये गॉजच्या पट्ट्या. द्रव नमुन्याच्या दहापट, म्हणजे अर्धा किलोच्या नमुन्याला पाच लिटर. त्यामुळे झाकणाची बादली दहा लिटरची घ्या. लेबल बादलीवर चिकटवायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. नाव पेन्सिलीने लिहायचं. बॉलपेनची शाई फॉर्मेलिनमध्ये पसरते. फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहायची, तीही पेन्सिलीने. ही वेळ कोणी लिहीत नाही, आणि सगळा घोळ तिथेच.

प्रेषक: एक सभासद

ताई, मग ते फॉर्मेलिन इथून पाठवता येईल का?

प्रेषक: पॅथॉलॉजिस्ट, परळ

नको. धोकादायक रसायन म्हणून विमानाला कटकट, आणि मुंबईत ते सहज मिळतं. मिळत नाही ती शिस्त. बऱ्याच ठिकाणी बाटलीतलं ४० टक्क्यांचं द्रावण अंदाजाने नळाच्या पाण्यात ओततात. बफर (आम्लता आवरणारे क्षार) नसल्याने ते आम्लधर्मी होतं आणि स्लाईडवर तपकिरी ठिपके उमटतात.

दहा लिटरचं माप: फॉर्मेलिन १ लिटर, डिस्टिल्ड पाणी ९ लिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४० ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६५ ग्रॅम. पीएच पट्टीवर ७च्या आसपास दिसायला हवा. बाटलीच्या तळाला पांढरा साका दिसला तर ती वापरू नका. हे सगळं हातमोजे घालून, पंखा बाहेर हवा फेकतो अशा खोलीत.

मंडळाने पैसे घालायचे तर बादल्या, वजनकाटा आणि ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर व वॉर्डबॉय यांच्या प्रशिक्षणावर घाला. डॉक्टरांसाठी कार्यशाळा पुष्कळ होतात. नमुना हातात घेणारा माणूस तिथे कधीच नसतो. दर पाळीतले दोघे, एक दिवस, खऱ्या नमुन्यावर हात चालवून. तीन महिन्यांनी नमुन्यांसोबतचे शंभर फॉर्म काढून बघायचं, त्यातल्या किती फॉर्मवर वेळ लिहिली आहे. पाळ्या बदलतात, माणसं सोडून जातात, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा शिकवायचं. सुट्ट्यांचाही हिशेब हवा: शनिवारचं ऑपरेशन, रविवार, त्याला जोडून सण, आणि ७२ तास उलटून जातात. अशा आठवड्यात लॅबमधला एक माणूस येऊन तुकडे पॅराफिनपर्यंत (म्हणजे मेणात बसवण्यापर्यंत) नेईल, एवढी सोय केली तरी पुरे.

प्रेषक: मंडळ सचिव

कंटेनरचं बुकिंग तूर्त थांबवतो. ताई, बादल्या किती लागतील ते कळवा.

प्रेषक: पॅथॉलॉजिस्ट, परळ

तीस. आणि एक दुरुस्ती: वरचे डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचे ६५ ग्रॅम अ‍ॅनहायड्रस (म्हणजे स्फटिकात पाणी नसलेल्या) क्षाराचे आहेत. दुकानदाराने डोडेकाहायड्रेट दिलं तर १६४ ग्रॅम घ्यायचं. लेबल वाचूनच वजन करा.