पोकर: फ्लॉपनंतर (मधले पहिले तीन उघडे पत्ते) सगळेच कॉल करतात (लावलेल्या बेटाइतकेच चिप्स भरतात), मग बेट किती?

प्रश्न: नो-लिमिट होल्डेम (कितीही चिप्स लावता येणारा पोकरचा प्रकार). हातात एक्का-राजा, फ्लॉप राजा-९-४, त्यात दोन बदाम. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) १०० चिप्स. समोरचे दोघंही काहीही धरून कॉल करतात. बेट लावू की चेक करू (काहीच न लावता पुढे जाऊ)?

उत्तर १: चेक अजिबात नको! ७५ लावा. ५० लावले आणि पहिल्याने कॉल केला, तर दुसऱ्याला २०० साठी फक्त ५० भरायचे, म्हणजे जिंकण्याची २० टक्के शक्यता पुरते. हातात दोन बदाम धरून बसलेल्याला पाच बदाम (फ्लश) पुरे करणारे ९ पत्ते उरतात, टर्नवर (चौथ्या उघड्या पत्त्यावर) ते येण्याची शक्यता साधारण १९ टक्के. त्याचा कॉल जवळजवळ बरोबर ठरतो. ७५ ला त्याच जागी २३ टक्के लागतात, कॉल चुकतो. शिवाय राजा-दहा किंवा नव्वीची जोडीही फोल्ड होत नाही (पत्ते टाकत नाही), खरी कमाई तिथूनच.

उत्तर २: सहमत. फक्त अशांपुढे ब्लफ (कमकुवत पत्त्यांवर बेट) करू नका. १०० च्या पॉटात ५० चा ब्लफ फायद्यात यायला दोघांनी एकत्र ३३ टक्क्यांहून जास्त वेळा पत्ते टाकायला हवेत, म्हणजे प्रत्येकाने साधारण ५८ टक्के वेळा. हे लोक तेवढं टाकत नाहीत.

उत्तर ३: टर्नवरही साधा पत्ता आला तर पुन्हा दोन तृतीयांश पॉट लावा. मात्र एरवी नुसता कॉल करणाऱ्याने तिथे अचानक मोठं रेज केलं (बेट वाढवलं), तर बहुतेकदा दोन जोड्या किंवा एकाच अंकाचे तीन पत्ते असतात. तेव्हा एक जोडी सोडा, एक्का कितीही आवडत असला तरी. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या उघड्या पत्त्यावर) तिसरं बदाम पडलं तर चेक.