शब्दचर्चा : पेशी मरते, गळते की करपते?

प्रश्न

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, आजारावरचा एक लेख मराठीत करतेय. अ‍ॅपोप्टोसिस (पेशी ठरल्यासारखी आपणहून मरते) आणि नेक्रोसिस (इजा होऊन मरते) या जोडीशी अडलेय. दोन्हीकडे ‘पेशीमृत्यू’ लिहिलं की फरकच पुसला जातो. अ‍ॅपोप्टोसिसला ‘नियोजित पेशीमृत्यू’ अचूक आहे, पण एका परिच्छेदात पाचदा आला की परिपत्रक वाचल्यासारखं होतं. शिवाय पेशीला मिळणारा ‘सिग्नल’. त्याला ‘संकेत’ म्हटलं तर मला थेट संकेतस्थळच आठवतं. सुचवा.

प्रतिसाद १

मूळ शब्दच मदतीला येतो. १९७२ साली केर, वायली आणि करी या संशोधकांनी ‘अ‍ॅपोप्टोसिस’ वापरात आणला. सुचवला होता अ‍ॅबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. ग्रीकमध्ये अर्थ पानं किंवा पाकळ्या गळून पडणं. मग आपली ‘पानगळ’ आहेच की! झाड देठाशी पेशींचा एक थर तयार करतं आणि पान आपणहून सोडतं. उन्हानं करपलेलं पान वेगळं. म्हणून अ‍ॅपोप्टोसिस म्हणजे ‘पेशीगळ’ आणि नेक्रोसिस म्हणजे ‘पेशी करपणं’.

जाता जाता : त्या तिघांनी दुसरा ‘प’ अनुच्चारित ठेवा असं सांगितलं होतं, म्हणजे ‘अ‍ॅपोटोसिस’. ऐकतंय कोण!

प्रतिसाद २

‘पेशीगळ’ कानाला गोड लागतो, पण डोळ्यांच्या विषयात तो घोळ घालेल. मी नेत्ररुग्णांशी रोज बोलते. आमच्याकडे ‘गळणं’ म्हणजे लीकेज. ‘रक्तवाहिनी गळतेय, म्हणून पडद्याला सूज आलीय,’ हे वाक्य दिवसातून कितीदा तरी होतं. त्याच पानावर ‘वाहिनीच्या पेशी गळाल्या’ आलं तर वाचणारा काय समजेल?

आणि गंमत अशी की अ‍ॅपोप्टोसिसमध्ये नेमकं काही सांडत नाही. पेशी आक्रसते, आवरणासकट तिचे बारीक तुकडे होतात आणि शेजारच्या किंवा भक्षक पेशी ते गिळून टाकतात. आसपास दाह होत नाही. सांडासांड होते ती नेक्रोसिसमध्ये. तिथे पेशी फुगते, फुटते आणि आतला ऐवज बाहेर पडतो.

प्रतिसाद १

मान्य. मग लीकेजला ‘पाझरणं’ म्हणा, ‘गळणं’ माझ्याकडे राहू द्या!

प्रतिसाद २

लेखात चालेल. ‘पाझर’ला आधारही आहे. व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन १९८३ मध्ये पहिल्यांदा ओळखलं गेलं ते वाहिन्यांची पार्यता, म्हणजे पाझर, वाढवणारा घटक म्हणून. वाढीचं नाव नंतर चिकटलं. तरी ‘पेशीगळ’ला माझं मत नाही.

प्रतिसाद ३

सिग्नलला ‘निरोप’ का नको? निरोप येतो आणि निरोप घेतलाही जातो. पेशीला मरायचा निरोप आला, तिनं निरोप घेतला.

प्रतिसाद २

शब्द फार आवडला, पण इथे गोष्ट उलटी आहे. बाळाच्या कोवळ्या वाहिन्यांना मरायचा निरोप येत नाही. ‘जगा’ हा निरोप यायचा थांबतो. तो निरोप म्हणजे व्हीईजीएफ. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की दृष्टिपटल ते कमी बनवतं आणि वाहिन्यांच्या अस्तरपेशी मरतात. पुढे पडदा वाढतो, त्याची भूक वाढते, वाहिन्या मात्र पुरेशा नसतात. मग व्हीईजीएफचा लोंढा येतो आणि वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात, पडदा सोडून डोळ्याच्या मधल्या जेलीत शिरतात.

त्यांना कृपा करून नुसतं ‘नवीन रक्तवाहिन्या’ म्हणू नका. मी तसं सांगितलं तेव्हा एका आजोबांनी, ‘नवीन आल्या? मग बरंच झालं की!’ म्हणत हात जोडले होते. त्यांचा आजार वेगळा, मधुमेहाचा, पण शब्दाचा घोटाळा तोच. नवीन म्हटलं की आपल्याला चांगलंच वाटतं. या वाहिन्या तकलादू, पाझरणाऱ्या, सहज फुटणाऱ्या.

प्रतिसाद ३

‘फाजील वाहिन्या’? लाडावलेल्या पोरासारख्या.

प्रतिसाद १

‘अपसामान्य वाहिनीजनन’पेक्षा शतपटीनं बरं.

मूळ प्रश्नकर्ती

असं लिहिलंय, बघा : ‘ऑक्सिजनमुळे जगण्याचा निरोप थांबतो, कोवळ्या वाहिन्यांच्या पेशी आपणहून मिटतात. पुढे तोच निरोप नको तितका येतो आणि फाजील वाहिन्या फुटतात.’ ‘मिटणं’ पाकळ्यांवरून सुचलं.

प्रतिसाद २

‘मिटतात’ छान. फक्त मिटलेली पाकळी सकाळी उमलते, ही पेशी नाही. म्हणून एकदा तरी ‘मिटून नाहीशा होतात’ करा. आणि ‘ऑक्सिजनमुळे’च्या आधी ‘गरजेपेक्षा जास्त’ हवंच. हे त्या बाळांचे आईबाप वाचणार आहेत, आणि त्यातल्या कितीतरी बाळांचा जीव त्याच ऑक्सिजननं वाचलेला असतो.