ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल: बदलायचं, की हातच लावायचा नाही?

(अमेरिकेतल्या फीनिक्स परिसरातल्या मराठी मंडळींची मेलवरची चर्चा. प्रेषकाच्या जागी ज्याच्या-त्याच्या गावाचं नाव आहे.)

प्रेषक: चँडलर
मंगळवार, रात्र

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या तोंडावर गाडीचा प्रश्न विचारतेय, पण आता निर्णय घ्यायलाच हवा.

आमची टोयोटा सिएना २०१३ची, व्ही-६, सहा गिअरची. तीन वर्षांपूर्वी ८५,००० मैल झालेली घेतली, आता १,१२,००० झालेत. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलतो. ट्रान्समिशनचं, म्हणजे गिअरबॉक्सचं, मात्र आम्ही कधी बदललं नाही आणि आधीच्या मालकाचे कागद नाहीत. मुलगा फ्लॅगस्टाफला शिकतोय, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी आय-१७ हायवेनं डोंगरात वर जाणं होतं. गणपती आणि दिवाळीला मंडळाचं नेपथ्य आमच्याच छतावरच्या बॉक्समधून जातं, हे तुम्ही पाहिलंच आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात एक नवीन गोष्ट जाणवली. घाट चढून गाडी तापली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हलकासा झटका बसतो. थंड असताना काही नाही.

तीन ठिकाणी विचारलं. एक म्हणाले, हे ऑइल गाडीच्या जन्मभराचं असतं. दुसऱ्यांनी त्याच दिवशी मशीन लावून फ्लश करा, म्हणजे सगळं जुनं ऑइल मशीननं काढून नवं भरा, असा आग्रहच धरला. तिसऱ्यांनी सांगितलं, एक लाखाच्या पुढे गेलात, आता बदललंत तर गिअरबॉक्स बसेल. माझ्या नवऱ्यानं बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, शोधली, तर ती नाहीच!

कोणी स्वतः केलंय का? गिल्बर्टच्या काकांनी जरूर लिहावं.


प्रेषक: गिल्बर्ट
बुधवार, पहाट

चि. सौ. वहिनी,

आधी पुस्तक उघडा. सिएनाच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये मेंटेनन्सची पुस्तिका असते. साध्या वापरासाठी हे ऑइल बदलायला सांगितलेलं नाही, ही पहिल्यांची गोष्ट खरी. पण त्याच पुस्तिकेत खास परिस्थितीचा वेगळा भाग आहे. ट्रेलर ओढत असाल, छतावर कॅरियर लावत असाल किंवा गाडी जड भरून चालवत असाल, तर ६०,००० मैलांना ट्रान्समिशन ऑइल बदला, असं तिथं लिहिलंय. तुमच्या छतावर बॉक्स असतो, आत सात माणसं असतात आणि वाट फ्लॅगस्टाफची. फीनिक्स समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजारांच्या आसपास. आय-१७वरच्या सनसेट पॉइंटच्या चढाआधी एसी बंद करा अशी पाटी लागते, ती उगाच लावलेली नाही.

या ऑइलची कामं इंजिन ऑइलपेक्षा जास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे कात्रजच्या घाटात क्लचवर पाय ठेवून गाडी चढवली की जळका वास यायचा, आठवतंय? ऑटोमॅटिकमध्ये ते घसरणं इंजिन आणि गिअर यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये होतं आणि तिथं इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारी वस्तू म्हणजे हेच ऑइल. सपाट हायवेवर आतला लॉक-अप क्लच बसतो, घसरण थांबते. चढावर तो सुटतो, ऑइल घुसळलं जातं आणि तापतं. याच ऑइलच्या दाबावर गिअरचे क्लच आवळले जातात, हेच ते थंड ठेवतं, हेच वंगण. शिवाय क्लचच्या चकत्या किती घट्ट आणि किती हळुवार धरायच्या, हे त्यातल्या रसायनांवर ठरतं. उष्णतेनं ती रसायनं संपतात. जुन्या मेकॅनिक लोकांचा आडाखा असा, की साधारण १७५ फॅरनहाइटच्या वर प्रत्येक २० अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. तो काटेकोर नियम नाही, पण दिशा बरोबर आहे. २०२३ साली आपल्याकडे सलग ३१ दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त होतं. अशा गावात ‘जन्मभर’ या शब्दावर मी तरी गाडी सोडणार नाही.

आणखी एक. अनेक युरोपीय गाड्यांचे गिअरबॉक्स झेडएफ ही जर्मन कंपनी बनवते. गाडीवाले ऑइल आयुष्यभराचं सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते.

आता कुठलं ऑइल? तुमच्या गाडीला टोयोटाचं डब्ल्यूएस, दुसरं काही नाही. सगळ्या गाड्यांना चालतं असं लिहिलेला डबा घेऊ नका. घर्षणाचं गणित किती नाजूक असतं याचं एक जुनं उदाहरण सांगतो. जनरल मोटर्सच्या सुरुवातीच्या डेक्सरॉन या ट्रान्समिशन ऑइलमध्ये घर्षण जुळवायला स्पर्म व्हेलचं तेल घालत असत. १९७३च्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याच्या सुमारास ते बंद झालं आणि त्याच्या तोडीचं दुसरं काही शोधताना कंपन्यांची दमछाक झाली. इतक्या थोड्या घटकावर गिअर पडण्याची चाल अवलंबून असते.

फ्लश मशीन नको. साधं खाली सोडा आणि तेवढंच भरा. यात सगळं ऑइल निघत नाही, कारण बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. गिअरबॉक्समध्ये एकूण साडेसहा लिटरच्या आसपास मावतं. त्यातलं अडीच-पावणेतीन लिटर बाहेर पडेल, म्हणजे १० भागांतले ४ नवे. दुसऱ्यांदा केलंत की ६४ टक्के नवं, तिसऱ्यांदा ७८. दोन वेळांमध्ये हजार-दोन हजार मैल जाऊ द्यात. जुन्या गिअरबॉक्सला हे हळूहळू बदलणं मानवतं, असं माझं मत आहे.


प्रेषक: मेसा
बुधवार, दुपार

काकांचा मान ठेवून सांगतो, वहिनी, नीट विचार करा. माझ्या आधीच्या गाडीला १,६०,००० मैल झाले होते. गिअर घसरायला लागला होता, आरपीएम (इंजिनाचे फेरे) वर जायचा आणि गाडी पुढे सरकायची नाही. एका दुकानात ऑइल बदलून घेतलं आणि बाराव्या दिवशी रिव्हर्स गेला तो गेलाच. नवीन बाळ घरात, मी नोकरी बदललेली, त्यात हजारो डॉलरचा खर्च. ऑइल बदललं नसतं तर अजून वर्षभर चालली असती, असं मला आजही वाटतं.


प्रेषक: गिल्बर्ट
बुधवार, रात्र

तुमच्यावर काय वेळ आली असेल ते कळतं. तुमच्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. फक्त तुमच्याच मेलमधलं एक वाक्य पुन्हा वाचा: ऑइल बदलायच्या आधीच गिअर घसरत होता.

आरपीएम वर जातो आणि गाडी उचलत नाही, याचा अर्थ चकत्यांवरचं अस्तर झिजलेलं आहे. ते झिजलेलं अस्तर भुकटी होऊन ऑइलमध्ये फिरत असतं आणि ते गढूळ ऑइल उरलेल्या चकत्यांना थोडीफार पकड देतं, असं पुष्कळ मेकॅनिक सांगतात. स्वच्छ ऑइल घातलं की तो आधारही जातो. ऑइल बदलल्यानं गिअरबॉक्स बसतो हा समज इथूनच आलेला आहे. लोक ऑइलकडे वळतात तेच मुळी गिअर घसरायला लागल्यावर. अस्तर गेलेल्या क्लचला नवं ऑइल वाचवू शकत नाही.

तुमच्या बिलावर ऑइलचं नाव होतं का? पातळी कशी तपासली ते लिहिलं होतं का?

वहिनी, तुमची गाडी घसरत नाही, तापल्यावर झटका देते. हा फरक मोठा आहे. तरी करण्याआधी ऑइलचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघू. तपकिरी लाल चालेल. काळं आणि जळका वास असेल, किंवा बोटाला धातूचा चुरा लागला, तर तिथंच थांबू आणि ट्रान्समिशनच्या तज्ज्ञाकडे जाऊ.


प्रेषक: मेसा
गुरुवार, सकाळ

बिल शोधून काढलं. नुसतं ‘युनिव्हर्सल’ लिहिलंय, पातळीचा उल्लेख नाही. काका, हे प्रश्न त्या वेळी मला सुचले नाहीत. वहिनी, शनिवारी करणार असाल तर मी जॅक स्टँड घेऊन येतो, माझ्याकडे चार आहेत.


प्रेषक: टेंपी
गुरुवार, दुपार

काका, मी विद्यार्थी आहे, २०१०ची अकॉर्ड आहे. डॅशबोर्डवर बी-३ असं येतंय. तेच का हे? आणि माझ्या रूममेटची निसान सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी) आहे, दुसऱ्याची टोयोटा प्रियस.


प्रेषक: गिल्बर्ट
गुरुवार, रात्र

हो बाळा, होंडाच्या भाषेत ३ म्हणजे ट्रान्समिशन ऑइल. तुझं काम सोपं आहे. ऑइल होंडाचं डीडब्ल्यू-१. निचऱ्याच्या बोल्टला चौकोनी खाच असते, त्यात ३/८ इंची रॅचेट थेट बसतो. वॉशर नवीन लाव. पूर्ण बदलायचं तर तीनदा सोडून भरायचं, मध्ये गाडी चालवायची.

निसानमध्ये फक्त निसानचं सीव्हीटी ऑइल, एनएस-२ की एनएस-३ ते पुस्तकात बघून. साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, त्यात चुकूनही घालू नये, आतला पट्टा ज्या घर्षणावर चालतो ते घर्षणच वेगळं असतं. प्रियसमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नाही, क्लचच्या चकत्या नाहीत, पण ऑइल आहे, तेही डब्ल्यूएसच. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत आलं की झालं.

वहिनी, शनिवारी सकाळी साडेसहाला माझ्याकडे या. उशीर चालणार नाही, आणि कारण असं. तुमच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. पातळी बघायची ती तळाच्या बोल्टमधून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ४० ते ४५ सेल्सिअसच्या मध्ये असताना. त्याहून गरम झालं की ऑइल फुगतं, जास्त बाहेर पडतं आणि थंड झाल्यावर कमी भरलेलं निघतं. जुलैत आपल्या गराजमध्ये हवाच ४३ सेल्सिअस असते. त्यामुळे हे काम आपल्याकडे थंडीतल्या सकाळचं. गाडी आदल्या रात्रीच आणून लावलीत तर उत्तम.

नवीन ऑइल चार क्वार्ट (साधारण पावणेचार लिटर) आणा, दोन्ही बोल्टची वॉशर आणा आणि लांब नळीचं फनेल.


प्रेषक: चँडलर
शनिवार, संध्याकाळ

मंडळी, झालं! जसं घडलं तसं लिहिते, पुढच्यांना उपयोगी पडेल.

काकांनी गाडी चारही स्टँडवर घेतली आणि स्पिरिट लेव्हल लावून सरळ केली. पुढचं उचलून मागचं जमिनीवर ठेवलं तर पातळी चुकते. नुसत्या जॅकवर असताना त्यांनी कोणाला गाडीखाली हात घालू दिला नाही.

त्यांनी पहिला बोल्ट कोणता सोडवला, तर भरायचा, वरचा. माझ्या नवऱ्यानं विचारलं, आधी खालचा का नाही? काका म्हणाले, खालून सगळं सोडून बसलात आणि वरचा बोल्ट गंजून अडकला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागची हलणार नाही. आमचा खरोखरच घट्ट होता. मेसाच्या दादांनी रॅचेटला लांब पाइप घातला तेव्हा निघाला.

खालचा बोल्ट ६ मिलिमीटरच्या ॲलन कीनं निघतो. तो काढल्यावर थोडंसंच ऑइल आलं आणि मला वाटलं संपलं. पण त्याच भोकात आत एक उभी नळी असते, तीही त्याच कीनं सोडवायची, मग धार लागते. ती नळी म्हणजे पातळीचं माप. परत बसवताना काकांनी ती नुसत्या हातानं हलकेच आवळली, प्लॅस्टिकची आहे, जोर लावला तर तुटते.

कागदावरचे थेंब गडद तपकिरी, लाल फारसा उरलेला नाही. जळका वास नव्हता, चुरा नव्हता. काकांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि मग ‘चला’ म्हणाले. तेवढा वेळ माझा श्वास अडकला होता.

मापाच्या भांड्यात २.६ लिटर निघालं. तेवढंच नवं वरून ओतलं. इंजिन सुरू करून ब्रेकवर पाय ठेवून गिअर पीपासून खालपर्यंत आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत फिरवला. टेंपीच्या मुलानं गाडीच्या संगणकाला जोडायचं ओबीडीचं यंत्र लावून तापमान वाचलं: १९, २७, ३४. ४१ला काकांनी खालचा बोल्ट उघडला. काहीच आलं नाही! म्हणजे आधीपासूनच थोडं कमी होतं. वरून साधारण पाव लिटर आणखी घातलं, तेव्हा बारीक धार आली, मग थेंब थेंब व्हायला लागली. ४३वर बोल्ट बंद.

काकांच्या मते तापल्यावरच्या झटक्यात कमी पातळीचाही हात असू शकतो. मशीनवाल्यांनी किंवा जन्मभरवाल्यांनी पातळी बघितलीच नव्हती.

दुपारी घरी येताना गाडी मुद्दाम फिरवून आणली. चाल मऊ वाटली, पण खरी परीक्षा पुढच्या रविवारी सनसेट पॉइंटला, तेव्हा कळवीन. जुनं ऑइल डब्यात भरून ऑटोझोन या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात दिलं, तिथं फुकट घेतात. एक क्वार्टच्या आसपास नवं उरलंय, ते दुसऱ्या फेरीला. ती जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, काकांकडेच, साडेसहाला. त्याच दिवशी अकॉर्डही करायचं ठरलंय. अजून कोणाची गाडी आणायची असेल तर मॉडेल, साल आणि मैल इथंच कळवा, म्हणजे ऑइल आणि वॉशर आधी आणता येतील. नाश्त्याचे पोहे माझ्याकडे.